नाटकाचं तिकीट: खिडकी, फोन की ॲप?

निकाल आधीच सांगून टाकू. दोघंतिघंच असाल आणि दादर, पार्ले, मुलुंड अशा कुठल्या तरी नाट्यगृहाच्या हाकेच्या अंतरावर राहत असाल, तर तिकीट खिडकीवर काढा. बदलापूर-विरारकडून येणार असाल आणि आठवडाभर ऑफिसात मान वर करायला फुरसत नसेल, तर ॲप. सात-आठ जणांचा गोतावळा असेल, त्यात गुडघे दुखणारी आजी आणि हमखास उशिरा पोचणारा जावई असेल, तर जाहिरातीतला फोन नंबर. तिन्ही रस्ते त्याच दाराशी जातात, पण आत गेल्यावर मिळणारी खुर्ची सारखी नसते. नाटकात खुर्ची म्हणजे अर्धं नाटक. सिनेमात कॅमेरा तुमच्यासाठी जागा बदलतो, नाटकात जिथे बसलात तिथूनच अडीच तास बघायचं.

खिडकी

मुंबईत नाटकाच्या तिकीट खिडकीचा नमुना म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर. प्लाझा सिनेमाच्या समोर, स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या ऐन गर्दीत. खिडकी दिवसभर उघडी नसते, ही पहिली ठेच नवख्यांना लागते. जाहिरातींत छापून येणारी वेळ साधारण सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी असते. लंच टाइममध्ये ऑफिसातून धावत गेलात तर बंद काचेवर आपलंच तोंड दिसेल. इतर नाट्यगृहांच्या वेळा थोड्या पुढेमागे असतात, म्हणून त्या आठवड्याची जाहिरात बघूनच निघावं.

खिडकीतल्या माणसासमोर प्लॅन असतो. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा, विकलेल्या खुर्चीवर फुली. शनिवार-रविवारच्या प्रयोगाचा प्लॅन बहुधा तीन-चार दिवस आधी लागतो. नाटक जोरात चालू असेल तर पहिल्याच सकाळी मधल्या ओळींवर फुल्या पडलेल्या दिसतात. इथे घाई न करता चार प्रश्न विचारायचे. सेट कसा आहे? कॉर्नरच्या खुर्च्या कुठल्या शिल्लक आहेत? मूळ कलाकारांचा संचच आहे की कुणाची रिप्लेसमेंट, म्हणजे कुणाच्या जागी दुसरा नट आहे? प्रयोग किती वाजता सुटतो? या चारही प्रश्नांची उत्तरं खिडकीतल्या माणसाला बहुतेक वेळा तोंडपाठ असतात, कारण आदल्या आठवड्यात ती शंभर जणांनी विचारलेली असतात. ॲपवर यातल्या एकाचंही धड उत्तर मिळत नाही. खिडकीला जास्त गुण आहेत ते एवढ्याचसाठी.

सेटचा प्रश्न उगाच नाही. बहुतेक मराठी नाटकांचं नेपथ्य म्हणजे तीन भिंतींचं घर: मागे एक भिंत, दोन बाजूंना तिरप्या. या बाजूच्या भिंतीत एखादं दार असतं, स्वयंपाकघराचं किंवा जिन्याचं. तुम्ही त्याच बाजूच्या टोकाच्या तीन-चार खुर्च्यांत असाल तर ते दार तुम्हाला दिसतच नाही. पात्र आत येताना प्रेक्षक हसतात आणि तुम्ही शेजाऱ्याकडे बघत बसता. दुमजली सेट असेल तर उलट अडचण: बाल्कनीखालच्या शेवटच्या ओळींतून वरच्या मजल्यावरच्या पात्रांची मुंडकी छाटली जातात. त्याच ओळींत आवाजही दबतो, कारण वर बाल्कनीचं छत आडवं आलेलं असतं. बाल्कनीच्या अगदी पहिल्या ओळीत पाय पसरायला जागा बरी, पण ठेंगण्या माणसाच्या नजरेच्या रेषेत नेमका कठड्याचा दांडा येतो. लहान मुलं बरोबर असतील तर दुसरी-तिसरी ओळ घ्यावी.

आणि पहिली ओळ? तिचा मान मोठा, दरही सगळ्यात जास्त, पण मान मोडते. रंगमंच डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर असतो, त्यामुळे पात्रं मागे सरकली की त्यांचे पाय दिसत नाहीत. सोफ्यावर बसलेला नट टीपॉयच्या मागे अर्धा गडप होतो. आवडता नट चार हातांवरून बघायचा असेल तर पहिल्या ओळीचं सुख वेगळंच, ते नाकारता येणार नाही. चेहऱ्यावरची बारीक हालचाल, घाम, एखादं वाक्य चुकल्यावर दोघांनी एकमेकांना दिलेली नजर हे सगळं तिथूनच दिसतं. पण पहिल्यांदा बघत असाल तर पाचवी ते दहावी ओळ, मधला पट्टा. दुसऱ्यांदा बघायला याल तेव्हा बसा पुढे.

दराचीही एक मेख आहे. समजा पुढच्या ओळी ५०० रुपये, त्यामागच्या ४००, मग ३०० आणि बाल्कनी २००. नाटकानुसार आकडे बदलतात, पण उतरंड अशीच असते. प्लॅनवर जिथे दर बदलतो ती ओळ हेरायची. ५०० ची शेवटची ओळ आणि ४०० ची पहिली ओळ यांत जेमतेम एका खुर्चीच्या लांबीचं अंतर असतं. चौघांचे ४०० रुपये वाचतात आणि दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. हुशार प्रेक्षक हीच ओळ आधी उचलतात, म्हणून प्लॅन लागल्यावर सगळ्यांत पुढची ओळ रिकामी आणि मधलीच एक ओळ गच्च भरलेली असं गमतीशीर चित्र दिसतं.

बऱ्याच नाटकांचा सगळ्यात वरचा दर ५०० वर का अडकतो, याचं कारण करात आहे. नाट्यप्रयोगाच्या प्रवेशावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. आधी ही मर्यादा २५० होती, २०१८ च्या जानेवारीत ती वाढली. ५०० च्या वर एक रुपया गेला तरी माफी संपते आणि पूर्ण रकमेवर १८ टक्के कर बसतो. सिनेमाच्या तिकिटाला अशी माफी नाही, तिथे पहिल्या रुपयापासून कर. म्हणजे ५०० च्या नाटकाच्या तिकिटातले पाचशेच्या पाचशे नाट्यसंस्थेच्या हिशेबात येतात. ६०० चं तिकीट दिसलं की निर्मात्याने बराच विचार करून उंबरा ओलांडला आहे असं समजावं.

तिकीट हातात पडलं की खिडकीसमोरून हलायच्या आत तीन गोष्टी वाचायच्या: तारीख, वेळ, ओळीचं अक्षर. एकाच दिवशी एकाच नाट्यगृहात सकाळी, दुपारी आणि रात्री अशी तीन वेगळी नाटकं असतात. हाताने लिहिलेल्या तिकिटावर ‘दु.’ आणि ‘रा.’ यांत गफलत होते, आणि ‘ई’ आणि ‘एफ’ यांतही. नंतर आत अंधारात वाद घालण्यात अर्थ नसतो.

फोन

वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात फोन नंबर असतो. तरुण मंडळी तो वाचतच नाहीत. तो नंबर बहुतेक वेळा व्यवस्थापकाचा किंवा बुकिंग बघणाऱ्याचा असतो. फोनवर सांगितलं की खुर्च्या तुमच्या नावावर धरून ठेवतात आणि प्रयोगाआधी अर्ध्या तासापर्यंत पैसे देऊन तिकिटं घ्यायची असतात. ‘आजींना पायऱ्या नकोत, दाराजवळची कॉर्नर द्या’ असं माणसाला सांगता येतं. ॲपला सांगता येत नाही. ज्येष्ठांसाठी, व्हीलचेअरसाठी आणि मोठ्या घोळक्यासाठी हा रस्ता सगळ्यांत चांगला.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, नाव. एका प्रयोगाला दोन जोशी आणि तीन पाटील असणारच. आडनावाबरोबर पहिलं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे लिहून घ्यायला सांगा, आणि समोरच्याकडून ते परत वाचून घ्या. दुसरा, वेळ. अर्धा तास आधी म्हणजे अर्धा तास आधी. गर्दीच्या प्रयोगाला वीस मिनिटं उरली की धरलेल्या खुर्च्या सुटतात, आणि खिडकीसमोर ताटकळलेल्या माणसांना मिळतात. त्यात चूक कुणाची असेल तर ती ट्रॅफिकची.

या सुटलेल्या खुर्च्यांमुळेच ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड बघून लगेच घरी फिरू नये. धरून ठेवलेल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या अशा पाच-दहा खुर्च्या शेवटच्या अर्ध्या तासात मोकळ्या होण्याची शक्यता असते. एकटा माणूस असेल तर नशीब जोरावर असतं, दोघं असाल तर वेगवेगळं बसायची तयारी ठेवा. चौघं असाल तर समोरच्या रस्त्यावरून फिरून या आणि पुढच्या रविवारचं विचारा. एक अपवाद: पूर्ण प्रयोग एखाद्या संस्थेने विकत घेतलेला असेल, म्हणजे काँट्रॅक्ट शो असेल, तर खिडकीवर काही मिळत नाही. तशा प्रयोगाची तारीख कलाकारांच्या सोशल मीडियावर दिसते, पण वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत तिकीट विक्रीची वेळ नसते. ओळखायची खूण हीच.

ॲप

बुकमायशो आहे, खास मराठी नाटकांसाठी निघालेलं तिकिटालय आहे, शिवाय काही निर्मात्यांनी स्वतःच्या लिंक दिलेल्या असतात. सोय निर्विवाद. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातल्या खुर्च्या निवडता येतात, हे पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर खिडकीवरचे हसले असते.

आधी खर्च बघू. तिकिटावर कर माफ असला तरी ॲपच्या सुविधा शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा शुल्क तिकिटामागे ३० रुपये. चार तिकिटांचे १२०, वर कर २१ रुपये ६० पैसे, एकूण १४१ रुपये ६० पैसे. दोन हजारांच्या खरेदीवर ही रक्कम मोठी नाही, आणि डोंबिवलीहून दादरला फक्त तिकिटासाठी येऊन जाण्यात जाणारे अडीच तास धरले तर स्वस्तच पडते. पण दादरला रोज उतरणाऱ्या माणसाने ती का द्यावी? शुल्काचा आकडा शेवटच्या पानावरच दिसतो, म्हणून पैसे भरण्याआधी ‘एकूण’ या शब्दाखालची बारीक फोड उघडून बघायची.

दुसरी गोष्ट कोट्याची. बऱ्याच प्रयोगांना सगळ्या खुर्च्या ॲपवर नसतात, काही खिडकीसाठी राखलेल्या असतात. त्यामुळे ॲपवर ‘सोल्ड आउट’ म्हणजे नाटक हाऊसफुल्ल असं नाही. खिडकीवर फोन करून विचारा. उलटही होतं: खिडकीवर मागच्या ओळी उरल्या आहेत आणि ॲपवर सहाव्या ओळीत दोन खुर्च्या हिरव्या दिसतात. पक्का नाटकवेडा दोन्हीकडे बघतो.

मोबाइलच्या पडद्यावर प्लॅन आकुंचन पावतो, मधला रस्ता नाहीसा होतो, आणि शेजारच्या वाटणाऱ्या दोन खुर्च्यांच्या मध्ये चांगली चार फुटांची वाट निघते. दोन बोटांनी चित्र मोठं करून बघावं. रंगमंच चित्रात वर आहे की खाली, हेही नीट पाहा. ॲपनुसार ते बदलतं, आणि घाईत लोक शेवटची ओळ पहिली समजून आनंदाने काढतात.

सगळ्यांत जास्त मनस्ताप होतो तो पैसे कापले गेले आणि तिकीट आलंच नाही, यात. कारण साधं आहे: खुर्ची धरून ठेवण्याची मुदत काही मिनिटांचीच असते, आणि यूपीआयचं उत्तर बँकेकडून उशिरा आलं तर तोवर खुर्ची सुटलेली असते. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी ॲपमधला बुकिंगचा इतिहास उघडा, मग एसएमएस आणि ईमेल बघा, दहा मिनिटं थांबा. कित्येकदा तिकीट आलेलं असतं, फक्त ‘अभिनंदन’चं पान उघडलेलं नसतं. खरंच आलं नसेल तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक कॉपी करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला केलेला यूपीआय व्यवहार असा अर्धवट राहिला तर व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम ग्राहक सेवेच्या चॅटवर नुसता लिहिला तरी समोरच्या यंत्राच्या उत्तरांतून माणूस बाहेर येतो. चॅटवर तेच तेच पर्याय फिरत राहिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवताना तिकिटाची रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी हवेत.

ॲपवरच्या माहितीत आणखी एक दोष आहे, आणि चाहत्यांना तोच जास्त खुपतो. कलाकारांची यादी शुभारंभाच्या वेळी टाकलेली असते आणि पुढे तिला कुणी हात लावत नाही. शंभराव्या प्रयोगाच्या सुमाराला मुख्य भूमिकेत दुसराच नट आलेला असतो, तरी ॲपवर जुना फोटो हसत असतो. रिप्लेसमेंट म्हणजे कमअस्सल असं मुळीच नाही, पण ज्याच्यासाठी पाचशे मोजले तो नाही हे तिसऱ्या घंटेनंतर, दिवे गेल्यावर कळणं बरं नव्हे. उपाय: त्याच आठवड्यातली वर्तमानपत्रातली जाहिरात बघा किंवा निर्मात्याच्या पानावरची ताजी पोस्ट. दोन्हीकडे शंका वाटली तर फोन.

रहस्य फोडणारे

ॲपवरच्या प्रतिक्रिया वाचून नाटक ठरवू नका. पाच तारे देऊन ‘शेवटी वडीलच खोटं बोलत होते हे कळल्यावर डोळ्यांत पाणी आलं’ असं लिहिणारे भाविक तिथे दबा धरून बसलेले असतात. ‘स्पॉयलर’ असा इशारा देण्याची पद्धत सिनेमावाल्यांत रुजली, नाटकवाल्यांत अजून नाही. तारे बघा, वाक्यं नको. वर्तमानपत्री परीक्षणात पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद वाचावा, मधले सोडावेत. कथानक मधल्यांतच सांगितलेलं असतं.

मात्र नाटकाचा खरा स्पॉयलर मोबाइलवर नसतो, तुमच्या मागच्या खुर्चीवर असतो. तो तिसऱ्यांदा आलेला असतो, नव्या पाहुण्यांना घेऊन. पंच येण्याच्या अर्धा सेकंद आधी तो हसतो. ‘आता बघ हं, आता बघ’ असं बायकोला सांगतो. कधी कधी वाक्यच नटाच्या आधी म्हणतो. विनोदी नाटकात हा प्रकार जास्त, आणि तो दुसऱ्या अंकात वाढतो, कारण मध्यंतरातल्या चहाने उत्साह आलेला असतो. मागे वळून रागाने बघण्याचा उपयोग होत नाही, कारण अंधारात चेहरा दिसत नाही. मध्यंतरात हात जोडून ‘आम्ही पहिल्यांदाच बघतोय’ म्हटलं की नव्वद टक्के लोक वरमतात. दहा टक्के तुम्हाला शेवट सांगून टाकतात.

रहस्यनाट्य असेल तर मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं राहणं धोक्याचं. तिथे खून कुणी केला यावर परिसंवाद भरलेला असतो आणि त्यात एक तरी आधी बघून गेलेला असतोच. प्रोमो रील्सही टाळा. हास्याचे सगळ्यांत जोरदार तीन-चार तुकडे निर्माते स्वतःच आधी बाहेर सोडतात, मग नाट्यगृहात त्या जागी हशा निम्मा येतो, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही.

आत गेल्यावर

घंटा तीन असतात. पहिली झाली की वडा संपवायचा, दुसरीला खुर्चीवर, तिसरीला दिवे जातात. रविवारी दुपारचा प्रयोग छापील वेळेपेक्षा दहा-पंधरा मिनिटं उशिरा सुरू होणं नवीन नाही. त्यामागे बहुतेक वेळा वाहतूक असते: नट सकाळी गोरेगावच्या फिल्मसिटीत किंवा घोडबंदर रोडवरच्या मालिकेच्या सेटवर असतो आणि तिथून दादर गाठायचं म्हणजे दैवाधीन. पण या उशिरावर भिस्त ठेवून स्वतः उशिरा जाऊ नका. ज्या दिवशी तुम्ही उशीर कराल त्या दिवशी पडदा वेळेवर वर जातो.

मोबाइलची सूचना प्रत्येक प्रयोगाआधी होते, आणि तरी पहिल्या वीस मिनिटांत एक रिंग वाजतेच. २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी या त्रासाला कंटाळून नाटकात काम करणं थांबवण्याची भाषा जाहीरपणे केली होती, इतका हा प्रकार पुढे गेलेला आहे. तिकीट मोबाइलवर असणाऱ्यांची यात वेगळी जबाबदारी: क्यूआर कोड दाखवण्यासाठी फोन चालू ठेवलेला असतो आणि तो तसाच खिशात जातो. दारातून आत पाऊल टाकतानाच फ्लाइट मोडवर टाका. नुसतं सायलेंट पुरत नाही, लाकडी हाताच्या खुर्चीला टेकलेला फोन थरथरला तरी दोन ओळींना ऐकू जातं. आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घरूनच काढून आणा, दारातल्या गर्दीत ॲप उघडायला नेटवर्क मिळेलच असं नाही.

मध्यंतराची पंधरा मिनिटं म्हणजे प्रत्यक्षात दहा. यात स्वच्छतागृह, चहा, बटाटेवडा आणि फोटो हे सगळं बसवायचं म्हणजे रांगेचं गणित. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग जवळपास सगळ्या नाट्यगृहांत पुरुषांच्या रांगेच्या दुप्पट असते. दोघं असाल तर एकाने वड्याच्या आणि एकाने त्या रांगेत, हा जुना करार पाळा. वडा गरम हवा असेल तर मध्यंतर होताच निघा. पहिला घाणा त्याच हिशेबाने काढलेला असतो, सातव्या-आठव्या मिनिटाला हाती येतो तो परातीच्या तळाचा. बाल्कनीवाल्यांना जिना उतरून यावं लागतं, त्यामुळे त्यांनी प्रयोगाआधीच खाऊन घ्यावं. वडा प्रेक्षागृहात नेऊ नये हे लिहिलेलं असतं, आणि कागदाचा चुरचुर आवाज ऐकल्यावर का लिहिलंय तेही कळतं.

प्रयोग रद्द झाला तर

कलाकाराची तब्येत, मालिकेचं शूटिंग, जुलैतला पाऊस, नाट्यगृहाच्या वातानुकूलनातला बिघाड अशी कारणं असतात. ॲपवरचं तिकीट असेल तर पैसे ज्या खात्यातून गेले त्यातच परत येतात, वेगळा अर्ज लागत नाही. तिकिटाची रक्कम आणि सुविधा शुल्क दोन्ही आले का, एवढं मात्र खात्यात बघा. खिडकीवरचं तिकीट असेल तर मूळ कागद हवाच, फोटो चालत नाही, म्हणून ते धुवायच्या शर्टात विसरू नका. पैसे परत की पुढच्या प्रयोगाचं तिकीट असा पर्याय देतात. तारीख पक्की नसेल तर पैसेच घ्यावेत, ‘पुढचा प्रयोग’ तीन महिन्यांनी लागला तर तो कागद सापडत नाही. आणि खिडकीवर तिकीट काढताना मोबाइल नंबर दिला असेल तरच रद्द झाल्याचा फोन येतो. कुणी मागत नसला तरी स्वतःहून लिहून द्या.

तुमच्या बाजूने जाता येत नसेल तर मात्र तिन्ही रस्ते सारखेच कठोर. नाटकाचं तिकीट बहुधा परत घेत नाहीत. कुणाला तरी देऊन टाकणं हाच मार्ग, आणि कागदी तिकीट देणं सोपं.

जाणं-येणं

शिवाजी मंदिरला गाडी नेऊ नये. शनिवार-रविवारी केळकर रोडवर चालायला जागा नसते, दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे तर तिकडे फिरकूच नका. दादर स्टेशनवरून चालत दहा मिनिटं धरा, गर्दीची आणखी पाच. माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरला माटुंगा रोड स्टेशन सोयीचं. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरची दुरुस्ती होऊन ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलं, आणि त्याच वर्षी मेट्रो ३ चं सिद्धिविनायक स्थानक सुरू झाल्यामुळे तिथे जाणं आता सगळ्यांत सोपं झालं आहे. गडकरी रंगायतन ठाणे स्टेशनपासून तलावपाळीकडे चालत. रविवारी दुपारच्या प्रयोगाला मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आड येतो: तो साधारण चार वाजेपर्यंत चालतो आणि नेमका चारचा प्रयोग असतो. शनिवारीच ब्लॉकची बातमी बघा आणि चाळीस मिनिटं जास्त हाताशी ठेवा. रात्रीचा प्रयोग अकराच्या आसपास सुटतो, लोकल आरामात मिळते, रिक्षासाठी स्टेशनबाहेर भांडावं लागतं एवढंच.

आवडत्या नटाला भेटायचं असेल तर प्रयोग संपल्यावर आत रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत जाता येतं, मराठी नाटकात ही पद्धत अजून शिल्लक आहे. आधी दारावरच्या माणसाला विचारायचं आणि दहा मिनिटं थांबायचं, मेकअप उतरवायला तेवढा वेळ लागतो. फोटो एकच, तोही विचारून. आणि दुपारचा प्रयोग असेल तर विंगेत रेंगाळू नका. तुम्ही सेल्फीसाठी उभे असता तेव्हा तिथून भिंती, सोफा आणि जिना बाहेर जात असतो, आणि रात्रीच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराला लागलेला असतो.